मेसोकॉझम

समुद्र, खाडी किंवा तलावातील पाण्याचा जिवंत तुकडा टाकीत घेऊन, प्रकाश, तापमान व क्षारता हाताशी ठेवून त्यावर प्रयोग करण्याची पद्धत. ग्रीक ‘मेसोस’ म्हणजे मधला, ‘कॉसमॉस’ म्हणजे विश्व. चंबूतले पाणी आणि खरा समुद्र यांच्या मधली ही पायरी. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ यूजीन ओडम यांनी १९८४ मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केला.

मुंबईकराला टाकी म्हटले की मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय (१९५१) आठवते. तिथे मासे जगवायचे, म्हणून पाणी गाळायचे आणि खाऊ टाकायचा. मेसोकॉझममध्ये पाणी हाच अभ्यासविषय असतो. खाऊ कोणी टाकत नाही. वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ) दिव्याच्या उजेडावर वाढते, प्राणिप्लवक (तरंगणारे बारीक जीव) त्यावर जगते.

अडचण मोजमापाची आहे. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत दर घनमीटर पाण्यामागे चार चौरस मीटर भिंत येते. व्यास चार मीटर केला तर एकच. या भिंतीवर काही दिवसांत बुळबुळीत थर धरतो आणि पाण्यातली पोषकद्रव्ये खाऊ लागतो. मोकळ्या समुद्राला भिंतच नसते. म्हणून असे प्रयोग बहुधा काही आठवड्यांत आवरते घेतात.

बंदिस्तपणा कसा चकवतो, याचा धडा कॅनडातून मिळाला. शेवाळ माजून तलाव हिरवे होण्यामागे कार्बनची उपलब्धता असावी, असे बाटल्यांतले प्रयोग सुचवत होते. तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने १९७३ मध्ये ‘लेक २२६’ मधोमध पडदा लावून दुभागला. दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. हिरवा झाला तो तोच. कार्बनची तूट तलाव हवेतून भरून काढतो, आणि बाटलीला त्यासाठी पुरेशी मोकळीक व वेळ मिळत नव्हता.

मुंबईत पहिली अडचण गाळाची. वर्सोव्याच्या खाडीचे पाणी बादलीत भरून ठेवा: गाळ हळूहळू तळाशी बसतो, वर पाणी निवळते. टाकीतही तेच. मग उजेड खोलवर जातो आणि खाडीत अंधारात राहणारे प्लवक फोफावते. उधाणाच्या भरतीला इथले पाणी चार मीटरांहून अधिक चढते, गाळ पुन्हा पुन्हा ढवळला जातो. टाकीत ती घुसळण पंख्याने किंवा हवेच्या बुडबुड्यांनी आणावी लागते, आणि ती बेताची असावी लागते, नाहीतर नाजूक प्राणिप्लवक मरते. ढवळण दुय्यम मानून केलेला इथला प्रयोग, प्रस्तुत लेखकाच्या मते, खाडीविषयी फारसे सांगत नाही.

पावसाळ्यातले प्रश्न मात्र टाकीला मानवतात. तेव्हा खाडीत गोडे पाणी, गाळ आणि सांडपाणी एकदमच उतरते. प्लवक कशामुळे बदलले, हे तिथे वेगळे काढणे कठीण. एकाच भरतीचे पाणी नऊ टाक्यांत भरावे, तीन तशाच ठेवाव्यात, तिनांत फक्त क्षारता उतरवावी, तिनांत फक्त पोषकद्रव्ये वाढवावीत. तिनाचा हट्ट यासाठी की एकसारख्या भरलेल्या टाक्याही आठवड्याभरात वेगवेगळ्या वाटांनी जाऊ लागतात.