चारही मतं एकाच पॅनलला? सक्ती नाही

ठाणे असो की नवी मुंबई, महापालिका निवडणूक आली की ‘चारही बटणं एकाच चिन्हाची दाबा, नाहीतर मत बाद’ हे कानावर येतंच. साफ खोटं! चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड या चार स्वतंत्र लढती असतात. मतदान यंत्रावर त्यांच्या मतपत्रिका अनुक्रमे पांढरी, फिकी गुलाबी, फिकी पिवळी, फिकी निळी. ‘अ’ला एक पक्ष, ‘ब’ला दुसरा, ‘क’ला अपक्ष, सगळं चालतं. तुम्ही पक्षाचे सभासद असलात तरीही. पॅनल, म्हणजे एकत्र प्रचार करणाऱ्या चार उमेदवारांचा गट, ही प्रचारवाल्यांची सोय. घोळ होतो तो दोनच बटणं दाबून निघाल्यावर: शेवटचा बीप वाजत नाही, मतदान अर्धवट राहतं. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल, तर त्या जागेपुरतं ‘नोटा’ दाबा.