गुडघ्याचा एक्स-रे उभ्यानेच का, आणि एमआरआय कधी?

“एमआरआयच काढा, एकदाच काय ते कळू दे,” असं आमच्या एक्स-रे-एमआरआय सेंटरच्या काउंटरवर रोज कुणीतरी म्हणतं. पन्नाशीनंतर हळूहळू वाढलेल्या गुडघेदुखीला बहुतेक वेळा आधी साधा एक्स-रे पुरतो. आमचं बिल कमी होतं, पण खरं ते खरं.

एक्स-रे मात्र उभ्याने काढायचा. ‘गादी झिजली’ म्हणतो ती कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. आडवं झोपून काढलं तर ही फट चांगली वाटू शकते. अंगाचा भार पडल्यावर ती किती उरते, तेच डॉक्टरांना बघायचं असतं. म्हणून आजींना त्रास होत असला तरी आम्ही दोन मिनिटं उभं राहायला सांगतो. आधाराला घरचं माणूस लागलंच तर त्याला शिशाचा एप्रन देतो. गरोदर बाईने आत थांबू नये. न दुखणाऱ्या गुडघ्याचाही फोटो निघतो, तो तुलनेसाठी.

कबड्डीत पाय पिळवटला, कट्‌कन आवाज आला, लगेच सूज चढली किंवा गुडघा मध्येच अडकतो, सटकतो, तर गोष्ट वेगळी. लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारे पट्टे) आणि मेनिस्कस (दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती) एमआरआयमध्येच नीट दिसतात. यात क्ष-किरण नसतात. साधारण २० ते ३० मिनिटं पाय अजिबात हलवायचा नाही. पाय आधी आत जातात, डोकं बहुधा बाहेर किंवा तोंडाशीच राहतं. आवाज मोठा असतो, कानाला संरक्षण देतो. उपाशी यायची गरज नाही.

या मशीनचा चुंबक रात्रीसुद्धा चालूच असतो. किल्ल्या, मोबाइल, एटीएम कार्ड, मंगळसूत्र, जोडवी, पिना बाहेर ठेवा. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप असेल किंवा वेल्डिंग-लेथवर काम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. पायात प्लेट किंवा रॉड असेल तर ऑपरेशनचे कागद आणा.

रिपोर्टमध्ये ‘टिअर’ (म्हणजे फाटणं) वाचून रात्र जागू नका. वय झाल्यावर न दुखणाऱ्या गुडघ्यातही तो सापडतो. त्याला किती महत्त्व द्यायचं ते डॉक्टर गुडघा हाताने तपासून ठरवतात. त्यांच्याकडे जाताना जुन्या फिल्मही न्या, फक्त घडी घालू नका.