रिंकन ॲनेक्सच्या भिंती: २७ चित्रांमागची गोष्ट

सॅन फ्रान्सिस्कोतले रिंकन ॲनेक्स हे १९४० साली बांधलेले पोस्ट. आता तिथून टपालाचा कारभार चालत नाही, पण जुन्या दालनात भिंतींच्या वरच्या भागात सलग मांडलेली २७ चित्रे अजून आहेत. ती पाहण्याआधी थोडे मागे जायला हवे.

१९३३. अमेरिकेत महामंदी. जॉर्ज बिडल या चित्रकाराने आपले शाळासोबती, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले: मेक्सिकोत सरकारने चित्रकारांना प्लंबरच्या रोजावर कामाला लावले आणि त्यातून भित्तिचित्रांची थोर परंपरा उभी राहिली, आपणही हे करावे. पुढच्याच वर्षी अर्थखात्यात चित्र-शिल्पांसाठी वेगळा विभाग निघाला. नव्या सरकारी इमारतीच्या खर्चातला साधारण १ टक्का कलेसाठी ठेवायचा आणि कलावंत निवडायचा तो बहुधा निनावी स्पर्धेतून, अशी त्याची रीत होती. पोस्टांना यात मोठा वाटा मिळाला. तिकीट घ्यायला आलेल्या कोणालाही चित्र दिसावे, ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते.

रिंकनची स्पर्धा मॉस्कोत जन्मलेल्या अँटन रेफ्रेजियर यांनी १९४१ साली जिंकली. मध्ये युद्ध आले, त्यामुळे काम १९४८ साली पुरे झाले. शहराचा इतिहास रंगवताना त्यांनी नकोशा आठवणी टाळल्या नाहीत. चिनी लोकांवरचे हल्ले आणि १९३४ चा गोदी कामगारांचा संप दोन्ही तिथे आहेत. म्हणूनच रंग वाळण्याआधीच तक्रारी सुरू झाल्या. मिशनमधला धर्मगुरू फार लठ्ठ दिसतो म्हणून त्याचे पोट कमी करावे लागले. संपाच्या चित्रातल्या कामगाराच्या डोक्यावरची माजी सैनिकांच्या संघटनेची टोपी पुसावी लागली. शेवटच्या चित्रात रूझवेल्ट यायचे होते, तेही वगळले गेले.

१९५३ साली तर खासदार ह्युबर्ट स्कडर यांनी सगळीच चित्रे काढून टाकण्याचा ठराव अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडला. ती साम्यवादी आहेत, असा आरोप होता. १ मे रोजी सुनावणी झाली. शहरातली कलासंग्रहालये चित्रांच्या बाजूने उभी राहिली आणि ठराव बारगळला. पुढे पोस्ट हलले, इमारत पाडली जाण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा १९७९ मध्ये तिची राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली.

दालनात गेलात तर संपाच्या चित्रापाशी जरा जास्त वेळ थांबा. ती टोपी तिथेच होती.