अद्भुतरम्य कादंबरी (मराठी)

अद्भुतरम्य कादंबरी : असंभाव्य वा अलौकिक घटना, दूरचा किंवा सर्वस्वी कल्पित प्रदेश आणि संकट व सुटका यांची लांबलचक साखळी यांवर उभी असलेली दीर्घ गद्यकथा. मराठीत ही संज्ञा मुख्यतः लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) पासून हरि नारायण आपटे यांच्या ‘मधली स्थिती’ (१८८५) पर्यंतच्या काळातील रंजनप्रधान कादंबऱ्यांना लावली जाते. व्यापक अर्थाने नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३), नारायण धारपांच्या भयकादंबऱ्या आणि विज्ञानकादंबरीचा काही भागही तिच्या कक्षेत येतो.

उगम : या प्रकाराच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) काळाच्या दृष्टीने आधीची. पण तिचा विषय हिंदू विधवांची स्थिती हा आहे आणि अद्भुताशी तिचे नाते नाही. त्यामुळे अद्भुतरम्य धारेचा आरंभ ‘मुक्तामाले’पासून धरण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कृतींतून मराठी कादंबरीच्या तीन प्रेरणा निघाल्याचे मांडले आहे. ही विभागणी सोयीची आहे, मात्र तिन्ही प्रवाह पुढे एकमेकांत बरेच मिसळतात.

खरा वाद आहे तो हळब्यांच्या पिढीने हा साचा कोठून घेतला याचा. एक मत संस्कृत गद्यकाव्याकडे, विशेषतः बाणाची ‘कादंबरी’ आणि दंडीचे ‘दशकुमारचरित’ यांच्याकडे बोट दाखवते. समासप्रचुर वर्णने, नायिकेचे नखशिखांत रूपचित्रण, अमात्य आणि राजपुत्र, अरण्यातील आश्रम ही सामग्री उघडच तिकडची आहे. अडचण रचनेची आहे. बाणाची कथा शाप आणि जन्मांतर यांच्या आधाराने कथेत कथा गुंफत मागे-पुढे जाते. मराठी कादंबरी मात्र ‘पुढे काय झाले’ या एकाच ओढीवर सरळ चालते.

दुसरे मत फार्सी-अरबी किश्शांना महत्त्व देते. गुहा, भुयारे, जादूच्या वस्तू, एका कामगिरीतून दुसरी निघत जाणारा प्रवास हे हातिमताईच्या वळणाचे आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठी वाचकाच्या हाती आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे जवळजवळ ‘मुक्तामाले’च्या बरोबरीने किंवा तिच्यानंतर. तेव्हा त्या भाषांतराला थेट उगम म्हणणे कठीण आहे. पण असे किस्से मौखिक परंपरेने आणि इतर भाषांतून आधीच परिचित होते. शिवाय सिंहासनबत्तिशी (सेरामपूर, १८१४) आणि वेताळपंचविशी या देशी कथामालाही छापून झालेल्या होत्या.

तिसरे मत इंग्रजी रहस्यप्रधान कादंबरीचे, विशेषतः जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४–७९) याचे ऋण मोठे मानते. अपहरण, वारसाचा घोळ, कारस्थानी खलनायक आणि ऐन मोक्यावर थांबणारे प्रकरण यांवरून हे मत सुचते. विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या गो. ना. दातारांबाबत ते निर्विवाद खरे आहे. १८६१ पर्यंत ते मागे नेण्यास मात्र पुरेसा आधार दिसत नाही. भाषेचा साज संस्कृतातून, प्रसंगांचा साठा किश्शांतून आणि प्रकरणे पाडून ग्रंथभर एकच कथानक चालवण्याची शिस्त इंग्रजी वाचनातून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

रचना : या कादंबऱ्यांचा सांगाडा बराच ठरलेला असतो. कथा संस्कृत नावाच्या एखाद्या नगरीत सुरू होते आणि नगरी नकाशावर कोठे आहे हे सांगितले जात नाही. प्रकरणाच्या माथ्यावर पुष्कळदा श्लोक किंवा आर्या असते व तीत पुढील प्रसंगाची सूचना मिळते. खलनायक बहुधा बाहेरचा शत्रू नसून दरबारातला किंवा नात्यातला असतो. त्याला संपत्ती, राज्य किंवा नायिका यांपैकी एक हवे असते. त्याच्या कपटाने जोडप्याची ताटातूट होते. मग दोघांचे दोन मार्ग पडतात आणि लेखक एकाला संकटात टाकून दुसऱ्याकडे वळतो. वेषांतर, चोरांची टोळी, तळघर, विषप्रयोग, मेलेला समजलेला माणूस जिवंत निघणे ही मधल्या भागातील नेहमीची साधने. शेवटी ओळखीची खूण (अंगठी, जन्मखूण किंवा पत्र) पुढे येते, भर दरबारात कपट उघडे पडते आणि बहुधा एकाहून अधिक लग्ने लागतात.

निव्वळ दैवी चमत्कार या साच्यात समजुतीपेक्षा कमी आढळतात. अद्भुताचा मोठा वाटा योगायोगाचा असतो आणि या प्रकाराचे बळ व दुबळेपणा दोन्ही तेथेच आहेत. एक योगायोग कथा सुरू करण्यासाठी वाचक आनंदाने मान्य करतो. संकट आणण्यासाठी आलेला योगायोगही तो चालवून घेतो. संकटातून सोडवण्यासाठी मात्र तोच पुन्हा आला की वाचकाची पकड सुटते, कारण पात्राने स्वतः काही केलेले नसते. दुसरा दोष आडकथांचा. भेटणारे प्रत्येक पात्र आपली पूर्वकथा सांगू लागते आणि नावे एकाच धाटणीची असल्याने कोण कोणाचा कोण हे लक्षात ठेवणे अवघड होते. तिसरा दोष काळाचा : पुराणकालीन वाटणाऱ्या राज्यात अचानक बंदुका आणि न्यायकचेरी अवतरते. अशा विसंगतीने कल्पित जगाचे नियम मोडतात, आणि नियम मोडले की पुढच्या संकटाची भीती उरत नाही.

वाचक आणि टीका : तत्कालीन वाचकांच्या प्रतिक्रिया थेट फारशा उपलब्ध नाहीत, त्या प्रस्तावना आणि निबंध यांतून अप्रत्यक्षपणे काढाव्या लागतात. त्यांपैकी सर्वांत मोलाची नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीची प्रस्तावना. तीत रिसबूड म्हणतात की आपल्या लोकांतील विवाहाची रीत आणि इतर कारणे यांमुळे हिंदूंच्या नित्य जीवनात मनोरंजक असे गुण किंवा दुर्गुण सापडत नाहीत. रोजचे अनुभव लिहिले तर त्यांत चित्त वेधणारे काही नसेल. म्हणून रंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुताकडे वळणे भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्याची थट्टा पुष्कळ झाली आहे, पण तो नीट वाचण्याजोगा आहे. बालविवाहाच्या समाजात विवाहापूर्वीचे प्रेम, निवड, नकार यांना जागाच नव्हती आणि कादंबरीला तर त्यांची गरज होती. कल्पित नगरीतली नायिका प्रौढ असू शकते, पती निवडू शकते, एकटी प्रवास करू शकते. वाचकाला तेथे मिळत होते ते चमत्कारांपेक्षा हे अधिक.

काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ (१८७२) या लेखनात संभाव्यतेचा आग्रह स्पष्टपणे मांडला गेला. वि. का. राजवाडे यांच्या ‘कादंबरी’ (१९०२) या निबंधाने मराठी कादंबरी युरोपीय कादंबरीशेजारी ठेवून तपासली. कुसुमावती देशपांडे यांच्या ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथातील या कालखंडाचे परीक्षण अजूनही सर्वाधिक उपयोगी आहे. हरिभाऊंनंतर (ह. ना. आपटे) वास्तववाद हाच मराठी टीकेचा मानदंड झाला आणि अद्भुत लेखन ‘वाचनालयातले वाचन’ म्हणून टीकेच्या कक्षेबाहेर गेले. हे नुकसानकारक ठरले. कारण त्यामुळे या प्रकारातील चांगले आणि वाईट वेगळे करण्याची सवयच लागली नाही.

उत्तरकाल : नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८) यांनी लेखन केले ते सिंहगडावरील अपघातात कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर. ‘वीरधवल’मध्ये जुना साचा आहे, पण प्रकरणांचा वेग नवा आहे. दातारांनी रेनॉल्ड्सची कथानके घेतली आणि त्यांना देशी राजवटी, देवस्थाने व नाती दिली. रूपांतराच्या या पद्धतीत मूळ ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या जागी काय ठेवायचे हा प्रश्न वारंवार येतो आणि दातारांच्या ‘कालिकामूर्ती’त त्याचे उत्तर नावापासूनच दिसते.

विज्ञानाधारित अद्भुताच्या आरंभाविषयीही मतभेद आहेत. ‘केरळ कोकिळ’ मासिकात सुमारे १९०० साली आलेले ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर, नाथमाधवांची ‘श्रीनिवासराव’ आणि श्री. बा. रानडे यांची दुसऱ्या दशकातील ‘तारेचे हास्य’ ही कथा, असे तीन दावेदार मांडले जातात. स्वतंत्र विज्ञानकथेचा मान रानडे यांना देण्याकडे कल अधिक आहे. या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती १९७४ मध्ये. त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जयंत नारळीकरांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेऊन, पाठवली होती. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी तिची दखल घेतली.

अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने गूढ, भय आणि विज्ञान या तिन्हींना एकत्र जागा दिली. रसायन तंत्रज्ञानाचे पदवीधर असलेले नारायण धारप (१९२५–२००८) यांचे अद्भुत कल्पित नगरीतून उठून मध्यमवर्गीय घरात आले. पत्ता, भाडे, शेजारी असा तपशील आधी पक्का होतो. मग एखादी क्षुल्लक गोष्ट जागेवर नसते. तिचा नियम हळूहळू कळतो आणि तो कळला की उपायही कळतो. ‘लुचाई’सारख्या कादंबऱ्यांमागे अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगची कथानके आहेत, तरी हा क्रम त्यांनी मराठी घराच्या मापाने बसवला आहे. ‘समर्थ’ या पात्राभोवतीच्या त्यांच्या समर्थ-मालिकेत मात्र हा रक्षणकर्ता इतका बलवान आहे की वाचकाला परिणामाची खात्री आधीच असते. भय टिकते ते समर्थांचे आगमन लांबलेले असते तेवढाच वेळ. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत असा रक्षणकर्ता बहुधा नसतो.

संपूर्ण दुय्यम (म्हणजे वास्तवापासून वेगळे, कल्पित) जग, त्याचा इतिहास, भाषा आणि नकाशा उभारणारी, इंग्रजी लेखक टॉल्कीनच्या धाटणीची स्वतंत्र मराठी कादंबरी विरळ आहे. त्या वळणाचे वाचन मराठीत प्रामुख्याने भाषांतरांतून झाले. मुग्धा कर्णिक यांचे ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे टॉल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे भाषांतर त्यांपैकी महत्त्वाचे.