‘चार्ज’ म्हणजे नेमकं काय? सोसायटीच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

मेंटेनन्सचं बिल, बँकेचं पत्र आणि नव्या कमिटीच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त. मुंबईतल्या फ्लॅटधारकाच्या फायलीत हे तीन कागद हमखास असतात आणि तिन्हींवर ‘चार्ज’ हा शब्द असतो. पहिल्या कागदावर त्याचा अर्थ पैसे भरा. दुसऱ्यावर, तुमच्या घरावर कुणाचा तरी हक्क चढला आहे. तिसऱ्यावर, अमुक माणसानं जबाबदारी हातात घेतली आहे. आम्ही गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहितो, आणि सभासद सगळ्यात जास्त गोंधळतात ते याच शब्दापाशी. ‘बँकेनं चार्ज लावलाय, किती भरायचे?’ असं विचारत लोक कार्यालयात येतात, तेव्हा भरायचं काहीच नसतं. पण सांभाळायचं पुष्कळ असतं.

शब्द मुळात लॅटिन. ‘कारुस’ म्हणजे गाडी आणि त्या गाडीवर माल लादणं ते ‘कारिकारे’. तिथून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. कार आणि कार्गो हे त्याचेच भाऊबंद. मूळ अर्थ लादण्याचा, मग ते पैसे असोत, कर्ज असो, काम असो की आरोप. मराठीनं मात्र यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिलं आहे आणि ते फार सोयीचं आहे. वीजबिलावर तो ‘आकार’ होतो: स्थिर आकार, वहन आकार. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तो ‘बोजा’ होतो. कचेरीत ‘कार्यभार’, कोर्टात ‘दोषारोप’, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रभार’. कागदावर ‘चार्ज’ दिसला की आधी त्या जागी यातला कुठला मराठी शब्द बसतो ते पाहा.

बिलातला चार्ज

सोसायटीच्या बिलात चार्जेस अनेक असतात, पण सगळे एकाच मापानं वाटले जात नाहीत. भांडणं होतात ती इथेच. सर्व्हिस चार्जेसमध्ये वॉचमन, लिफ्टमन, माळी यांचे पगार, जिन्यातल्या दिव्यांचं बिल, छपाई, टपाल, ऑडिटची फी असा खर्च येतो. तो सगळ्या फ्लॅटना सारखा, वन आरके असो की थ्री बीएचके. लिफ्टचा देखभाल खर्चही सारखा, लिफ्ट न वापरणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्यांनासुद्धा. पाण्याचा आकार मात्र फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकारमान पाहून ठरतो. मालमत्ता कर महापालिका ज्या फ्लॅटला जितका लावेल तितका. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी किमान 0.75 टक्के, त्यामुळे मोठ्या फ्लॅटला तो जास्त येतो. थकबाकीवरचं व्याज सरळव्याज असतं. उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीनं, घातलेल्या कमाल मर्यादेच्या आत त्याचा दर सर्वसाधारण सभा ठरवते. त्यावर चक्रवाढ लावता येत नाही.

यातला सगळ्यात वादाचा म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज. फ्लॅट भाड्यानं दिला की तो लागतो. राज्य सरकारनं 2001 मध्ये त्याला मर्यादा घातली, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्के. मुंबई उच्च न्यायालयानं 2007 मध्ये ती मर्यादा कायम ठेवली. तरीही काही बिलांत तो एकूण रकमेवर काढलेला आम्हाला आजही दिसतो. समजा तुमचं महिन्याचं बिल 5,200 रुपयांचं आहे आणि त्यात सर्व्हिस चार्जेस 2,400 रुपये. तर नॉन-ऑक्युपन्सी 240 रुपये होतात, 520 नाही. फ्लॅटमध्ये तुमचे आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा, लग्न झालेली मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तर तो लागत नाही. फ्लॅट नुसता कुलूपबंद असेल तरीही नाही. कमिटीतल्या मंडळींना आमची कळकळीची विनंती: भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाला धडा शिकवण्याचं साधन म्हणून हा आकार वापरू नका. सोसायटीचं त्यात नुकसानच होतं. जादा घेतलेली रक्कम परत करायची वेळ येते आणि वकिलाचा खर्च सगळ्या सभासदांच्या माथी बसतो.

घरावरचा चार्ज, म्हणजे बोजा

गृहकर्ज घेतलं की बँक फ्लॅटवर आपला चार्ज नोंदवते. कोकणात किंवा देशावर ज्यांची जमीन आहे त्यांना हे लगेच कळतं. पीककर्ज काढलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि फेडलं की तो कमी करून घ्यावा लागतो. फ्लॅटचंही तसंच आहे, फक्त नोंदी एकाच कागदावर नसतात. बँक ‘सेरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत नोंद करते. मूळ करारपत्र बँकेकडे ठेवून कर्ज घेतलं असेल, तर महाराष्ट्रात 2013 पासून त्याची सूचना दुय्यम निबंधक कार्यालयात 30 दिवसांत द्यावी लागते. शिवाय सोसायटीच्या दप्तरात लिएन, म्हणजे बँकेचा हक्क, म्हणून नोंद होते. शेअर सर्टिफिकेट बऱ्याचदा बँकेतच पडून असतं.

शेवटचा हप्ता गेला, पेढे वाटले, म्हणजे बोजा उतरला असं होत नाही. बँकेकडून मूळ कागद, थकबाकी नसल्याचा दाखला आणि लिएन काढल्याचं पत्र घ्या. त्या पत्राची एक प्रत सोसायटीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सेरसाईतली नोंद उतरली का, तेही विचारा. रिझर्व्ह बँकेनं 13 सप्टेंबर 2023 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत करणं आणि नोंदवलेले बोजे उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. 1 डिसेंबर 2023 पासून ज्यांचे कागद परत मिळायचे आहेत त्यांना हे लागू होतं. उशीर बँकेमुळे झाला असेल तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. हे अनेक ज्येष्ठ सभासदांना ठाऊकच नसतं. घर विकायला काढल्यावर खरेदीदाराच्या वकिलाला सर्चमध्ये, म्हणजे जुन्या नोंदींच्या तपासणीत, ही नोंद सापडते आणि ठरलेला व्यवहार खोळंबतो.

दुसरा बोजा सोसायटीचा स्वतःचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे सभासदाकडे थकलेल्या रकमेचा पहिला भार त्याच्या सोसायटीतल्या हितसंबंधावर, म्हणजे शेअर आणि फ्लॅटवरच्या हक्कावर, असतो. म्हणून जुना फ्लॅट घेणाऱ्यांनी विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न राहता सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आधी हातात घ्यावा.

कमिटीचा चार्ज

निवडणूक झाली की जुनी कमिटी नव्या कमिटीला चार्ज देते. हा कार्यभार हार-नारळात उरकू नका. लेखी यादी करा: सभासद नोंदवही, इतिवृत्ताची पुस्तकं, शेअर सर्टिफिकेटची स्थळप्रत, पासबुकं, चेकबुकं, मुदतठेवींच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, लिफ्टचा परवाना, मंजूर नकाशे, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), कन्व्हेयन्स डीड (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त), शिक्के, टाकीच्या आणि गच्चीच्या किल्ल्या. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. मुदतठेवींच्या पावत्या बँकेच्या दाखल्याशी ताडून घ्या. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त घोळ इथेच निघतात. कन्व्हेयन्सचा मूळ कागद सापडत नसेल तर तसं यादीत स्पष्ट लिहा, नाहीतर पुढे तो हरवल्याचा ठपका नव्या सेक्रेटरीवर येतो.

कोर्टातला चार्ज आमच्या कामात येत नाही. एवढंच सांगतो, की पोलिसांनी दाखल केलेलं आरोपपत्र आणि न्यायालयानं निश्चित केलेले दोषारोप हे दोन वेगळे टप्पे आहेत. असं पत्र आलं तर ते घेऊन थेट वकिलाकडे जा.

बिलाबद्दल शंका असेल तर चालू महिन्याचं आणि मागच्या मार्चचं बिल घेऊन या. बोजाबद्दल असेल तर बँकेचं मंजुरीपत्र, कर्जखात्याचा उतारा आणि शेअर सर्टिफिकेटची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणा. सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात, आणि नेमकी तीच बाजू लोक घरी विसरतात.