फिरती डिश: आधी ओळंबा, मग पाना

गच्चीवरच्या एकाच डिशला मोटर लावून चार-पाच उपग्रह पकडायचे, तर ती नुसती डावी-उजवीकडे वळून भागत नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका वर्तुळात असतात. पुण्यातून मात्र त्यांची कमान दिसते. ऐन दक्षिणेला ती ६८ अंश उंच असते आणि पूर्वेला-पश्चिमेला उतरत क्षितिजाला टेकते. डिश या कमानीवरून न घसरता सरकावी म्हणून मोटरचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवतात. पुण्याचा अक्षांश १८.५, म्हणून मोटरच्या अक्षांशपट्टीवरही १८.५.

उपग्रह ताऱ्यांइतके दूर असते तर एवढ्यावर काम झालं असतं. पण आपण विषुववृत्ताच्या पातळीपासून दोन हजार किलोमीटर उत्तरेला आहोत आणि उपग्रह काही तेवढे लांब नाहीत. त्यामुळे डिशला आणखी थोडं खाली बघावं लागतं: कोल्हापुरात २.९ अंश, पुण्यात ३.२, नागपुरात ३.६. मोटरची दांडी मुळातच वाकवलेली असते, बनावटीनुसार ३०, ३५ किंवा ४० अंशांत. त्या आकड्यातून ३.२ वजा करून जे उरेल ते डिशच्या उंचीपट्टीवर लावायचं. ३० अंशांची दांडी असेल तर २६.८. पट्टीवरची रेघ अर्धा-एक अंश खोटं बोलते, हे गृहीत धरूनच पुढे जावं.

ही सगळी मापं खांबावर उभी आहेत. खांब मीटरभर उंचीत १७ मिलिमीटर कलला की एक अंश गेला. हा तिरकेपणा बाकीच्या सगळ्या मापांत मिसळतो आणि मग कुठला नट फिरवावा ते कळत नाही. म्हणून गवंड्याचा ओळंबा घ्या आणि खांब दोन काटकोनी बाजूंनी तपासा. मोटर चढवल्यावर पुन्हा एकदा बघा, कारण वजनाने बेसप्लेट (खांबाच्या तळाची पट्टी) वाकते. खांब हाताने ढकलल्यावर जरासा जरी हलला, तर आधी बेसप्लेटचे बोल्ट आवळा.

आता एक गोष्ट युरोपातल्या माहितीपत्रकांवर विसंबून काम करणाऱ्यांना हमखास नडते. त्यांत लिहिलेलं असतं की दक्षिणेचा उपग्रह घ्या आणि सिग्नल सर्वात जास्त येईपर्यंत मोटर खांबाभोवती फिरवा. लंडनला ते चालतं, तिथे दक्षिणेचा उपग्रह जेमतेम ३१ अंशांवर असतो. पुण्यात तो ६८ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. इथे मोटर खांबाभोवती एक अंश फिरवली तरी डिशची नजर आकाशात फक्त ०.३७ अंश सरकते. शिवाय माथ्याशी कमान आडवी असते, त्यामुळे ती सरकते तीही कमानीच्या बाजूनेच. ९० सेंटिमीटरच्या डिशचा केयू बँडमधला (घरगुती डिश ज्या लहरींवर चालते त्या पट्ट्यातला) झोत सुमारे दोन अंश रुंद, म्हणजे दोन-तीन अंशांची चूक माथ्यावर बिनबोभाट खपून जाते. ती उघडी पडते टोकाला, जिथे कमान तीव्र उतरते.

म्हणून आपल्याकडे कामाची वाटणी करावी: माथ्याजवळच्या उपग्रहावर उंची ठरवायची, टोकाच्या उपग्रहावर दिशा. पुण्यासाठी ८३ अंश पूर्वेचा जीसॅट-२४ आणि १०८.२ अंश पूर्वेचा एसईएस-९ ही जोडी सोयीची आहे. दोघांचे झोत भारतावर जोरदार आहेत, आणि वाहिन्या पैसे भरून बघायच्या असल्या तरी सिग्नल व क्वालिटीचे आकडे रिसीव्हर (सेट-टॉप बॉक्स) दाखवतोच.

मोटर शून्यावर आणून डिशचा हात दांडीच्या बरोबर रेषेत बसवा. एलएनबी, म्हणजे डिशसमोरची सिग्नल घेणारी डबी, तीही शून्यावर असू द्या. कमानीवर फिरताना लागणारा तिचा कल मोटर आपोआप देते. रिसीव्हरमध्ये युसाल्स (आपल्या ठिकाणावरून मोटरचा कोन काढणारी सोय) निवडून पुण्याचे १८.५ उत्तर, ७३.९ पूर्व भरा. आता ८३ वर पाठवली की मोटर ९.१ नव्हे, १०.६ अंश फिरेल. यात बिघाड काही नाही. ते रेखांशातलं अंतर पृथ्वीच्या केंद्रातून मोजलेलं असतं आणि आपण पृष्ठभागावरून, उपग्रहाच्या जास्त जवळून बघतो. इथे फक्त डिशची उंची कमी-जास्त करून क्वालिटी वाढवा. मग १०८.२ वर पाठवा, मोटर ३९.५ अंशांवर थांबेल. इथे उंचीला हात लावायचा नाही. डिशची कड हलकेच दाबून तिची नजर किंचित खाली नेऊन बघा. क्वालिटी वाढली तर मोटर खांबावर जास्त पूर्वेला वळलेली आहे, ती किंचित पश्चिमेला फिरवा. नजर वर उचलल्यावर वाढली तर उलट. पुन्हा ८३, पुन्हा १०८.२, दोन-तीन फेऱ्यांत जुळतं.

माथा बरोबर पण दोन्ही टोकांना डिश उचलावी लागत असेल, तर खाली बघण्याचा कोन जास्त झालाय. डिश अर्धा अंश वर घ्या आणि मोटरचा अक्षांश तेवढाच वाढवा.

मोटर हलतच नसेल तर आधी तिच्या दोन सॉकेटांकडे बघा: रिसीव्हरची आणि एलएनबीची केबल उलटसुलट लागलेली असते. मोटर रिसीव्हरकडून येणाऱ्या १३ किंवा १८ व्होल्टवर चालते, आज्ञा त्याच तारेतून २२ किलोहर्ट्झच्या संकेताच्या तुकड्यांनी जातात. तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी गाभ्याची स्वस्त केबल ३० मीटर टाकली, तर मोटर आणि एलएनबी मिळून अर्धा अँपिअर ओढताना दीड-दोन व्होल्ट वाटेतच जातात. १८ वर ती फिरते, १३ वर अडखळते. अख्ख्या तांब्याच्या गाभ्याची केबल घ्या, आणि पावसाळ्यानंतर केबलच्या टोकाचे एफ कनेक्टर उघडून हिरवट गंज बघा. मोटरपासून एलएनबीपर्यंतच्या तुकड्याला सैल वेटोळं ठेवावं, नाहीतर टोकाला जाताना केबल ताणून निसटते.

सगळे उपग्रह एकाच दिशेला सारखेच सरकले असतील, तर वाऱ्याने दांडीवरची पकड घसरली आहे. मोटर शून्यावर आणून तपासा. अक्षांश बदलू नका.

दक्षिण ठरवायला होकायंत्र वापरत असाल तर स्लॅबमधल्या सळ्या आणि लोखंडी खांब त्याला फसवतात. सूर्य बरा. १२ मार्चच्या सुमारास पुण्यात दुपारी १२ वाजून ४४ मिनिटांनी आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास १२ वाजून २४ मिनिटांनी ओळंब्याची सावली नेमकी उत्तरेला पडते. (मेच्या मध्यात हा प्रयोग करू नये, तेव्हा दुपारी सावलीच नाहीशी होते.) या दोन तारखांना सूर्य जवळजवळ उपग्रहांच्याच कमानीवरून दिवसभर चालतो. शेजारच्या टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली डिशवर ज्या वेळी येईल, कमानीचा तेवढा तुकडा झाकलेला आहे आणि तिथला उपग्रह कुठल्याही पान्याने येणार नाही.