नागपूर परिसरातील मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या मेंदू व मज्जारज्जूच्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मज्जातंतूंवरील मायलिन या आवरणाची हानी करते. एका डोळ्याची नजर अंधूक होणे, पायांतील ताकद जाणे, मुंग्या येणे, तोल जाणे ही त्याची नेहमीची लक्षणे. आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो.

२०२०च्या जागतिक अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख रुग्ण होते, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे ३६. कॅनडा, स्वीडन, डेन्मार्क या देशांत हेच प्रमाण २००च्या वर जाते. भारतात मंगळुरूच्या पाहणीत ते दर लाखी सुमारे ८ आढळले, तर मुंबईच्या पारशी समाजात २०च्या वर. विषुववृत्तापासून दूर जावे तसा एमएस वाढतो, हा ठोकताळा पारशी समाजाला लागू पडत नाही. मुंबईचे ऊन सगळ्यांना सारखेच, तरी प्रमाण पारशांत जास्त. आनुवंशिक घटकांचा वाटा इथे दिसतो. एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग हे आणखी एक महत्त्वाचे कारण.

२०११च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर आणि जिल्ह्याची साडेशेहेचाळीस लाखांवर होती. मंगळुरूचा दर धरला, तर शहरात सुमारे १९० आणि जिल्ह्यात ३७० रुग्ण निघतात. हा केवळ ढोबळ हिशेब; पण एमएस म्हणजे इथे कुणालाच न होणारा आजार, ही समजूत मोडायला तो पुरेसा आहे.

इस्पितळांतील नोंदी मोजून मात्र नागपूरचे प्रमाण काढता येत नाही. उपचारांसाठी येथे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून छिंदवाडा, बालाघाट आणि छत्तीसगडपर्यंतचे लोक येतात. त्या सगळ्यांना शहराच्या लोकसंख्येने भागले, तर आकडा फुगतो. उलट ज्यांना एमआरआय परवडला नाही किंवा जे गावातच थांबले, ते मोजणीतून निसटतात. म्हणून रुग्णाचा कायमचा पत्ता, तोही तालुक्यासह, नोंदवणे ही अशा मोजणीची पहिली अट ठरते.

निदानातही गफलत होते. पाय ताठरणे व चालणे बिघडणे हे बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत आणि मणक्याच्या क्षयातही होते. लाखोळी डाळ सतत मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यानेही पाय कायमचे ताठरतात, आणि पूर्व विदर्भात हा विचार टाळून चालत नाही. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा डोळ्याच्या मज्जातंतूला व मज्जारज्जूला सूज आणणारा वेगळा आजारही पूर्वी एमएसमध्येच मोजला जाई. २००४मध्ये त्याचे प्रतिपिंड सापडले आणि तो रक्ततपासणीने ओळखता येऊ लागला. हा भेद निव्वळ मोजणीपुरता नाही: एमएसची इंटरफेरॉनसारखी औषधे त्या रुग्णाला अपाय करू शकतात. म्हणूनच २००४पूर्वीचे आणि नंतरचे आकडे सरसकट एका रांगेत ठेवू नयेत.

नागपूरचा उन्हाळाही लक्षात घ्यावा लागतो. अंग तापले की एमएसमधली जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. ही बाब जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९०मध्ये नोंदवली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला असताना एखाद्या तरुणीला अंधूक दिसू लागले, पाय लटपटले, तर घरचे ऊन लागले असे समजतात, कांद्याचा रस नि पन्हे देतात. गारव्यात बसल्यावर तिला बरे वाटते आणि तपासणी राहून जाते. अशी लक्षणे पुन्हा पुन्हा येत असतील, विशेषतः एकाच डोळ्यात किंवा एकाच पायात, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणे फार गरजेचे आहे. लवकर सुरू केलेल्या औषधांनी पुढचे झटके, म्हणजे आजार नव्याने उफाळण्याचे प्रसंग, कमी होतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने एमएसला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत घेतले. विदर्भात परिचित असलेला सिकलसेलही त्याच यादीत आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. एमएसमध्ये झटका ओसरल्यावर माणूस बराचसा सावरतो, थकवा तर बाहेरून दिसतही नाही. एका दिवसाच्या तपासणीवर ठरवलेली टक्केवारी अशा रुग्णांवर अन्याय करू शकते, आणि प्रमाणपत्रांच्या संख्येवरून आजाराचा अंदाज बांधला तर तो खऱ्याहून कमीच येतो.